बाळ बरं होऊन घरी आलं, आता त्या वॉर्डसाठी काहीतरी करायचंय? मग हे वाचा

लेकरू दवाखान्यातून बरं होऊन घरी आलं की थोड्याच दिवसांत घरात विषय निघतो की त्या वॉर्डसाठी आपण काहीतरी करायला पाहिजे. कुणी म्हणतं पेढे वाटू, कुणी म्हणतं पेशंटना फळं देऊ, आजी म्हणते मी देवापुढे बोललेय ते आधी फेडा, आणि बाबा लोक रात्री मोबाईलवर शोधत बसतात की व्हेंटिलेटर कितीला येतो. भावना सगळ्यांचीच खरी असते, पण पैसे कसे जमवायचे, कुणाच्या नावावर घ्यायचे, नक्की काय घेऊन द्यायचं हे कुणी सांगत नाही आणि मग बऱ्याच जणांचं नुसतं ठरवण्यातच राहून जातं. आमची लेक दिवस भरायच्या आधी झाली आणि सरकारी हॉस्पिटलच्या एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, धडधाकट होऊन घरी आली, त्यानंतर आम्ही काही पालकांनी मिळून त्या वॉर्डसाठी निधी जमवला. त्यातून जे जे कळलं ते पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी लिहितेय. महाराष्ट्र धरून लिहिलंय, बाहेरच्या राज्यात नियम थोडे वेगळे असतील पण क्रम हाच राहील.

आणि ज्यांचं बाळ घरी आलं नाही असेही आईबाबा त्याच वॉर्डसाठी काही करू इच्छितात, आमच्या ग्रुपमध्ये असं एक जोडपं होतं आणि सगळ्यात जास्त धावपळ त्यांनीच केली. त्यांच्यासाठीही रस्ता हाच आहे, फक्त त्यांना कुणी घाई करू नये, वर्ष गेलं तरी चालतं.

पायरी १: आधी डिस्चार्ज, मग देणगी

बाळ ॲडमिट असताना देणगीचा विषय काढायचाच नाही. तुमच्या मनात काही नसतं हो, पण शेजारच्या कॉटवरच्या आईला वाटतं की पैसे दिले की जास्त लक्ष देतात, आणि डॉक्टरांनाही अवघडल्यासारखं होतं. तसंच सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय यांच्या हातात पाकीट ठेवायचं नाही. तुम्ही खुशीने दिलेलं असतं पण पुढच्या पेशंटकडून तीच अपेक्षा सुरू होते आणि त्याच्याकडे कदाचित घरी परत जायला एसटीचे पैसेसुद्धा नसतात.

त्यांचे आभार मानायचे असतील तर पत्र लिहा. साध्या मराठीत, हाताने लिहिलेलं एक पान, अधिष्ठात्यांच्या (म्हणजे डीनच्या) किंवा वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने, त्यात कुठल्या सिस्टरने काय केलं ते नावासकट. "रात्रपाळीच्या अमुक सिस्टरांनी मला बाळाला छातीशी धरायला शिकवलं" असं स्पष्ट लिहा. आवक-जावकला देऊन शिक्का मारलेली प्रत घ्या आणि एक झेरॉक्स त्या सिस्टरला द्या. सरकारी नोकरीत तक्रारीचे कागद भरपूर येतात, कौतुकाचा कागद क्वचित येतो, तो त्या जपून ठेवतात. याला एक रुपया लागत नाही आणि माझ्या मते देणगीच्या आधी हेच करावं.

फॉलोअपला जाल तेव्हा पुढची बोलणी करा. कमी दिवसांच्या बाळांना डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, कानाची तपासणी, वजन यासाठी तसंही जावं लागतं, माणसं ओळखीची असतात, तेव्हाच विचारून घ्या.

पायरी २: हॉस्पिटल कुठल्या प्रकारचं आहे ते बघा

यावर पैसे कुठल्या रस्त्याने जाणार ते ठरतं त्यामुळे हे आधी.

जिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय असेल तर तिथे रुग्ण कल्याण समिती असते, तिचं बँक खातं वेगळं असतं आणि देणगी त्यातून घेता येते. सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल असेल, म्हणजे पुण्याचं ससून वगैरे, तर अधिष्ठात्यांचं ऑफिस आणि समाजसेवा अधीक्षक यांना भेटायचं. मुंबईत महापालिकेची केईएम, सायन, नायर आहेत तिथे पुअर बॉक्स चॅरिटी फंड नावाचा जुना फंड चालतो, गरीब पेशंटच्या औषधांसाठी, इम्प्लांटसाठी त्यातून पैसे दिले जातात आणि त्यात कुणीही देणगी देऊ शकतं. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल, परळचं वाडिया जसं १९२९ पासून फक्त मुलांसाठी चालू आहे, तर तिथे देणगीचा स्वतंत्र विभागच असतो आणि तुमचं अर्धं काम सोपं होतं.

ट्रस्टच्या हॉस्पिटलबद्दल एक माहिती असू द्या. धर्मादाय कायद्याच्या ४१ एए कलमाखाली जी योजना आहे तिच्यानुसार या हॉस्पिटलना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतल्या पेशंटसाठी ठेवाव्या लागतात आणि बिलाच्या २ टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत टाकावी लागते. म्हणजे गरिबांसाठी काही पैसा तिथे कायद्याने आधीच बाजूला पडतो, तेव्हा तुमची देणगी त्याच्यावर जास्तीची म्हणून कशासाठी वापरणार हे नि:संकोच विचारा. चांगलं हॉस्पिटल नीट उत्तर देतं.

आणि बाळ साध्या खाजगी नर्सिंग होममध्ये बरं झालं असेल तर त्याच्यासाठी लोकांकडून पैसे गोळा करू नका, तो कुणाचा तरी व्यवसाय आहे आणि त्यात वावगं काही नाही पण तिथे वर्गणी शोभत नाही. त्या डॉक्टरांनाच विचारा की गावातल्या कुठल्या सरकारी वॉर्डला गरज आहे, बालरोगतज्ज्ञ एकमेकांना ओळखतात, ते बरोबर जागा सांगतात.

कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात सुरुवात समाजसेवा विभागापासून करा. तिथल्या समाजसेवकांना सगळे एमएसडब्ल्यू मॅडम किंवा एमएसडब्ल्यू सर म्हणतात. कुठल्या घरात डब्याचे पैसे नाहीत, कुणाचं औषध कशात अडलंय, कुठल्या ट्रस्टकडे अर्ज टाकला की काम होतं हे त्यांना तोंडपाठ असतं.

पायरी ३: सिस्टर इन्चार्जला विचारा की काय कमी पडतं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लोक इथेच घाई करतात, मोठं मशीन आणून ठेवतात, आणि ते वर्षभरात कापड टाकून कोपऱ्यात जातं.

डॉक्टरांना विचारलं की ते मशीनचं नाव सांगतात, तेही बरोबरच असतं. पण वॉर्ड रोज चालवते ती सिस्टर इन्चार्ज. तिला विचारायचे प्रश्न हे: महिन्याच्या शेवटी काय संपतं? कुठलं मशीन बंद आहे आणि कशामुळे बंद आहे? बाळांच्या आया बसतात कुठे, झोपतात कुठे? रात्री कशाची अडचण होते?

आमच्या वॉर्डात जे दिसलं ते सांगते. रक्तातला ऑक्सिजन मोजणारे पल्स ऑक्सिमीटर होते, मॉनिटरही होते, पण बाळाच्या तळपायाला गुंडाळायचा जो छोटा प्रोब असतो तो झिजला होता. दिवसातून कितीतरी वेळा काढायचा, पुसायचा, परत लावायचा, त्यात वायर आतून तुटते आणि रीडिंग येईनासं होतं. सिस्टर त्याला मायक्रोपोरची पट्टी गुंडाळून, वायर एका ठराविक कोनात धरून, पायाला बांधायच्या आणि आकडा स्थिर होईपर्यंत तशाच उभ्या राहायच्या. एवढं महागाचं मॉनिटर आणि अडलं होतं त्या पट्टीएवढ्या प्रोबपाशी. असल्या वस्तूंसाठी कुणी देणगी देत नाही कारण त्यावर नावाचा स्टिकर लावता येत नाही. मी म्हणेन की तुमचा पहिला निधी अशाच गोष्टींसाठी करा: प्रोब, बीपीचे लहान कफ, सीपॅपच्या (बाळाला श्वास घ्यायला मदत करणाऱ्या मशीनच्या) नळ्या आणि नाकात बसणारे प्राँग्ज, काविळीसाठीच्या फोटोथेरपीचे दिवे, बॅटऱ्या, आणि बंद पडलेल्या मशीनची दुरुस्ती. प्रोब घेताना वॉर्डात मॉनिटर कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या मॉडेलचा आहे ते लिहून घ्या, एकाचा प्रोब दुसऱ्याला बसेलच असं नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आईची खुर्ची. कांगारू मदर केअर बहुतेकांना माहीत असतं, बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवायचं, ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं की कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांना हे जन्मानंतर लवकरात लवकर सुरू करावं आणि दिवसाला ८ ते २४ तास द्यावं. आता आठ तास कुठली बाळंतीण प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसणार? टाके असतात, पाठ भरून येते. मागे रेलता येणारी खुर्ची, बाळ बांधून ठेवायचे सुती पट्टे, आडोशाला पडदा, पाण्याचा जग, चार्जिंगचा पॉईंट, एवढं झालं तर बाळाला आई जास्त वेळ मिळते. मोठ्या मशीनपेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचा फरक पडलाय.

मशीनच द्यायचं असेल तर बाळाला ऊब देणारा रेडियंट वॉर्मर, औषध हळूहळू मोजून देणारा सिरिंज पंप, कावीळ झालेल्या बाळांसाठी फोटोथेरपी युनिट, बबल सीपॅप हे वॉर्डात रोज वापरले जातात. पण त्याबरोबर वॉरंटीनंतरचा मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे एएमसी किंवा पार्टसकट सीएमसी, याचे पुढच्या काही वर्षांचे पैसे धरूनच निधीचा आकडा ठरवा. हॉस्पिटलला देणगीच्या मशीनसाठी एएमसीचं बजेट मिळवताना फार कागद नाचवावे लागतात, आणि तोपर्यंत मशीन बंद.

आता काय देऊ नये तेही ऐका.

दूध पावडरचे डबे आणि दुधाच्या बाटल्या अजिबात नाही. १९९२ चा कायदाच आहे, बाळाच्या दुधाला पर्याय म्हणून येणारी पावडर आणि बाटल्या अशा वाटायला मनाई आहे. एखाद्या बाळाला खरंच लागलं तर डॉक्टर बघतील. बाळांसाठी दूध द्यायचंच असेल आणि तुम्ही स्वतः पाजत असाल, दूध जास्त येत असेल, तर मिल्क बँकेत द्या. आशियातली पहिली मिल्क बँक आपल्या सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आता अनेक मोठ्या हॉस्पिटलात अशी सोय आहे.

केसाळ टेडी वगैरे नाही, त्यात जंतू राहतात आणि धुता येत नाही. मोठ्या मुलांच्या वॉर्डला पुसता येतील अशी प्लॅस्टिकची खेळणी, चित्रांची पुस्तकं, रंगकांड्या चालतात, पण आधी विचारून. घरात उरलेली औषधं नाहीत. घरून शिजवून आणलेलं जेवण परस्पर वाटायचं नाही, आतल्या मुलांचं पथ्य वेगवेगळं असतं.

आणि विजेवर चालणारं काहीही, हीटर असो, वॉर्मर असो, साधा एक्स्टेन्शन बोर्ड असो, परस्पर नेऊन लावायचं नाही. भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली, त्यानंतर राज्यभर हॉस्पिटलांच्या फायर ऑडिटचा विषय निघाला. त्या खोलीचं वायरिंग किती लोड घेऊ शकतं हे हॉस्पिटलच्या इलेक्ट्रिक विभागाने तपासून लेखी दिलं तरच वस्तू आत जाऊ द्या. उशीर झाला तरी चालेल, यात तडजोड नको.

पायरी ४: सगळं लेखी घ्या

तोंडी "हो हो द्या" वर पैसे जमवायला लागू नका. हॉस्पिटलला एक अर्ज द्या की आम्ही अमुक पालक, बालरुग्ण विभागाला मदत करू इच्छितो, विभागाच्या गरजेची यादी मिळावी. यादीवर विभागप्रमुखांची सही, हॉस्पिटलचा शिक्का आणि तारीख असू दे. वस्तू द्यायच्या असतील तर त्यात स्पेसिफिकेशन, किती नग, हॉस्पिटलची मशीन बघणाऱ्या बायोमेडिकल इंजिनिअरचा शेरा, आणि देणगी स्वीकारायला हॉस्पिटल तयार आहे असं पत्र. रोख निधी द्यायचा असेल तर कुठल्या खात्यात आणि तो बालविभागासाठीच वापरला जाईल असं पत्र.

सरकारी ऑफिसात याला वेळ लागतो, एखादं पत्र एका टेबलावर अडकतं, साहेब मिटिंगला गेलेले असतात. चिडू नका, ठरवून एका दिवशी जात राहा आणि दर वेळी त्याच क्लार्कला भेटा. आमचं काम एका क्लार्कमामांमुळे झालं, त्यांनी स्वतः फाईल हातात घेऊन सही आणून दिली.

पायरी ५: पैसे कुठे घ्यायचे

स्वतःच्या सेव्हिंग अकाउंटवर किंवा स्वतःच्या जीपेवर घेऊ नका. तुम्ही कितीही सचोटीचे असा, चाळीस-पन्नास जणांचे पैसे तुमच्या खात्यात आले की हिशोब मिसळतो, बँक विचारू शकते, इन्कम टॅक्सला सांगावं लागू शकतं, आणि एखाद्या नातेवाईकाच्या मनात शंका आली की झालं.

सगळ्यात चांगलं म्हणजे देणाऱ्याने थेट हॉस्पिटलच्या किंवा त्याच्या ट्रस्टच्या खात्यात टाकणं. त्यांचा क्यूआर घ्या, स्कॅन केल्यावर जे नाव दिसतं ते ट्रस्टचंच आहे ना ते आधी स्वतः एक रुपया टाकून बघा, आणि मगच ग्रुपवर पाठवा. ग्रुपवर फिरता फिरता क्यूआर बदलल्याचे प्रकार होतात म्हणून प्रत्येक मेसेजमध्ये खात्याचं नावही टाईप करा.

तुम्ही ग्रुप म्हणून बाहेरच्या लोकांकडून वर्गणी गोळा करणार असाल आणि तुमची नोंदणीकृत संस्था नसेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची परवानगी लागते, कलम ४१ क ची. गणपती मंडळं दरवर्षी वर्गणीसाठी काढतात तीच. त्यात नंतर हिशोबही द्यावा लागतो. हे नको असेल तर गावातल्या एखाद्या विश्वासाच्या नोंदणीकृत ट्रस्टला किंवा रोटरी, लायन्स क्लबच्या ट्रस्टला सोबत घ्या, पावत्या त्यांच्या, पळापळ तुमची.

८०जी बद्दल, म्हणजे देणगीवरच्या इन्कम टॅक्सच्या सुटीबद्दल, सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. ट्रस्टकडे ८०जी ची नोंदणी असेल तर देणाऱ्याला साधारण देणगीच्या ५० टक्के रकमेवर सूट मिळते, त्यालाही उत्पन्नाच्या हिशोबाने वरची मर्यादा आहे. २००० रुपयांच्या वर रोख दिली तर सूट नाही. वस्तू दिली तर सूट नाही, पैसे दिले तरच, म्हणून मशीन स्वतः विकत घेऊन देण्यापेक्षा ट्रस्टला पैसे देऊन त्यांनी खरेदी करणं देणाऱ्याच्या फायद्याचं. देणाऱ्याचा पॅन नंबर लागतो कारण आता नुसती पावती पुरत नाही, ट्रस्टने देणगीची माहिती ऑनलाईन भरून १०बीई नावाचं सर्टिफिकेट द्यायचं असतं, आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मे पर्यंत. आणि जे नवीन टॅक्स रिजीममध्ये आहेत त्यांना ८०जी चा फायदा मिळत नाही हे आधीच सांगून टाका, नंतर वाद नको.

परदेशातले नातेवाईक देणार असतील तर आधी विचारा की पासपोर्ट कुठला. भारतीय पासपोर्ट असलेला एनआरआय स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर त्याला अडचण नाही. पण अमेरिकेचं, ब्रिटनचं नागरिकत्व घेतलेला, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) का असेना, कायद्याच्या भाषेत परकीय स्रोत होतो आणि त्याची देणगी घ्यायला ट्रस्टकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याची, नोंदणी लागते, पैसेही ट्रस्टच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठराविक खात्यातच आधी यावे लागतात. "मी मामाला सांगून माझ्या खात्यात घेते आणि मग देते" हा शॉर्टकट कृपया करू नका, मामाही अडचणीत आणि ट्रस्टही.

मिलाप, केटो यांसारख्या ऑनलाईन साईट आहेत, त्यांचा उपयोग एका पेशंटच्या तातडीच्या खर्चासाठी चांगला होतो. वॉर्डसाठी करायचं असेल तर फी किती, गेटवेचे चार्जेस किती, पैसे थेट हॉस्पिटलला जातात का, हे वाचून घ्या आणि देणाऱ्यांनाही सांगा.

पायरी ६: मागायचे कसे

मराठी माणसाला पैसे मागायचा संकोच फार. पण तुम्ही स्वतःसाठी मागत नाही आहात, आणि लोकांना द्यायचं असतं, त्यांना फक्त कुणीतरी ओळखीचं आणि खरं माणूस लागतं. तुमच्या बाळासाठी ज्यांनी रात्री फोन केले, रक्त द्यायला आले, डबे पोचवले त्यांच्यापासून सुरू करा.

पहिल्याच वेळी लाखांचा आकडा घेऊ नका. समजा यादीतल्या वस्तूंना तीस हजार लागतात, तर पाचशेप्रमाणे साठ माणसं झाली. शाळेचा ग्रुप, सोसायटी, ऑफिस आणि माहेर-सासर एवढ्यात साठ माणसं निघतात. रक्कम लहान ठेवली की कामवाल्या ताईसुद्धा पन्नास रुपये आणून देतात, आणि ते घ्या, परत करू नका, त्यांचंही बाळ त्याच वॉर्डात जाणार असतं.

मेसेज असा असू द्या:

"नमस्कार. आमचं बाळ अमुक हॉस्पिटलच्या नवजात शिशु विभागात बरं झालं हे तुम्हाला माहीत आहेच. त्या विभागाला लहान बाळांचे प्रोब आणि आयांसाठी खुर्च्या हव्या आहेत, हॉस्पिटलने दिलेली यादी सोबत जोडली आहे. एकूण अमुक रुपये लागतील. पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात टाकायचे आहेत, खात्याचं नाव आणि क्यूआर खाली आहे. रिमार्कमध्ये बालविभाग असं लिहा आणि स्क्रीनशॉट मला पाठवा. पन्नास रुपयांपासून कितीही चालतील. जमलं नाही तर अजिबात वाटून घेऊ नका. दर रविवारी किती जमले ते इथेच कळवेन. शेवटची तारीख अमुक."

शेवटची तारीख असलीच पाहिजे, नाहीतर लोक "बघू" म्हणतात आणि विसरतात. एक आठवण करा, फार तर दोन, आणि मग गप्प बसा. कुणी किती दिले याची यादी ग्रुपवर टाकू नका, ज्याने पन्नास दिले त्याला पाच हजारवाल्याच्या खाली आपलं नाव बघायला लावायचं नाही, फक्त एकूण आकडा द्या.

वॉर्डातल्या मुलांचे फोटो वापरायचे नाहीत, स्वतःच्या बाळाचाही नळ्या लावलेला फोटो टाकू नका. तो फोटो मोठेपणी त्याच्या मित्रांच्या मोबाईलवर फिरणार आहे. बाळाच्या हाताचा ठसा, किंवा नुसती यादी आणि पत्र पुरेसं आहे. माणसाचा विश्वास शिक्क्याच्या पत्रावर जास्त बसतो.

निमित्त शोधायचं तर घरातच आहे. बारसं, जावळ, पहिला वाढदिवस. पत्रिकेवर "आहेर आणू नये, इच्छा असेल तर या खात्यात" असं लिहा, हॉलचा खर्च कमी केला तर तोही त्यातच. २ ते ८ ऑक्टोबरला देशभर दान उत्सव असतो तेव्हा ऑफिसातही मागता येतं. धावणारं कुणी घरात असेल तर जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असते, तिथे युनायटेड वे मुंबईकडे नोंद केलेल्या संस्थांसाठी निधी जमवता येतो, तुमचं हॉस्पिटल किंवा त्याचा ट्रस्ट त्या यादीत आहे का ते बघा.

मोठी गरज असेल, म्हणजे अख्खा एचडीयू (जास्त देखरेखीचा कक्ष) करायचाय वगैरे, तर ती लोकवर्गणीची गोष्ट नाही, त्यासाठी कंपनीचा सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी काढायचा निधी. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीच्या २ टक्के रक्कम यासाठी काढावी लागते आणि आरोग्य त्यात बसतं. ट्रस्टकडे सीएसआर-१ ची नोंदणी लागते. तुम्ही नोकरी करता तिथल्या एचआरला विचारा, आणि प्रस्ताव हॉस्पिटलकडूनच जाऊ दे, तुम्ही फक्त दार उघडून द्या.

पायरी ७: खरेदी आणि वस्तू देणं

हॉस्पिटलने खरेदी केली तर उत्तमच. तुम्हाला करायची वेळ आली तर तीन दुकानांची कोटेशन घ्या, जीएसटी आणि इन्स्टॉलेशन धरून, आणि कुठलं घ्यायचं ते डॉक्टर आणि बायोमेडिकलवाल्यांना ठरवू द्या. सर्व्हिस इंजिनिअर तुमच्या जिल्ह्यात आहे की मुंबईहून येणार हे विचारा. बिल हॉस्पिटलच्या नावाने करा म्हणजे वॉरंटी त्यांच्या नावावर राहते.

वस्तू दिली की डेडस्टॉक रजिस्टरला (हॉस्पिटलच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) नोंद झाली का ते बघा आणि नोंदीचा नंबर लिहून घ्या. हे फार महत्त्वाचं आहे, कारण नोंद नसलेली वस्तू दुरुस्तीला पाठवता येत नाही आणि दुसऱ्या वॉर्डात गेली तर कुणाला विचारताही येत नाही. सिस्टर लोकांना वापरायचं प्रात्यक्षिक तिन्ही पाळ्यांना द्यायला कंपनीला सांगा, नाहीतर सकाळच्या पाळीला येतं आणि रात्री कुणी हात लावत नाही.

फीत कापायचा कार्यक्रम, स्टेज, हार वगैरे वॉर्डात करू नका, तिथे आजारी मुलं आहेत आणि बाहेरच्या दहा माणसांच्या चपला आणि सर्दी त्यांना नको. अधीक्षकांच्या केबिनमध्ये कागद द्या, एक फोटो काढा, चहा घ्या, झालं. नावाचा स्टिकर हवाच असेल तर लहान आणि मागच्या बाजूला. आम्ही "पालकांकडून" एवढंच लिहिलं.

पैसे नसतील तर

रक्त द्या. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, कॅन्सरच्या मुलांना प्लेटलेट लागतात, आणि उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत ब्लड बँकेत नेमका तुटवडा असतो. बाळाच्या वाढदिवसाला त्याच हॉस्पिटलच्या ब्लड बँकेला सांगून सोसायटीत कॅम्प ठेवा. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५, पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी परत देता येतं. नुकत्याच बाळंत झालेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या आईने देऊ नये.

नाहीतर वेळ द्या. नवीन पालकांशी बोलायला एमएसडब्ल्यू मॅडमना अनुभवी आईबाबा हवे असतात. एक किलोच्या बाळाच्या आईला तुमच्या मोबाईलमधला पळणाऱ्या लेकराचा व्हिडिओ दाखवा, तिला त्या क्षणी दुसरं काही नको असतं.

पायरी ८: हिशोब आणि वर्षानंतरची फेरी

सगळं झालं की एका पानाचा हिशोब करा. किती जमले, कशाला किती गेले, बिलांचे फोटो, डेडस्टॉकचा नंबर, हॉस्पिटलचं आभारपत्र. ज्याने दिलं त्या प्रत्येकाला वेगळं पाठवा, नुसतं ग्रुपवर टाकून देऊ नका. ज्यांना १०बीई मिळायचंय त्यांची यादी वेगळी ठेवा आणि मे महिन्यात ट्रस्टला स्वतःहून फोन करा.

वर्षाने परत वॉर्डात जा. दिलेलं चालू आहे का, प्रोब किती उरले, खुर्चीचं रेक्झिन फाटलं का, ते सिस्टरला विचारा. मशीन असेल तर वॉरंटी कधी संपते ती तारीख मोबाईलमध्ये रिमाइंडर म्हणून लावून ठेवा आणि दोन महिने आधी बायोमेडिकलला आठवण करा.

निधी उरला तर परस्पर दुसऱ्या कामाला वळवू नका, देणाऱ्यांना एक मेसेज करून विचारा. आमच्याकडे थोडे उरले होते, सगळ्यांनी सांगितलं की पुढच्या खेपेचे प्रोब घ्या, तसं हॉस्पिटलला लेखी कळवलं आणि त्याची पावतीही हिशोबाला जोडली.